पायोरियाने दाढ गेली; कॉलेजच्या अभ्यासात इम्प्लांट फुकट मिळतंय. नाव द्यावं का?

सुदामानगरचा श्री (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

उजवीकडची खालची मोठी दाढ दोन वर्षांपूर्वी गेली. काढावी लागली नाही, चकली खाताना जवळजवळ आपणहून हातात आली. पायोरिया. तेव्हापासून मी डाव्या बाजूने जेवतो. वय ६३, बँकेतून निवृत्त, शुगर बारा वर्षांपासून. गेल्या महिन्यातलं एचबीए१सी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) ८.१.

खाजगीत एका इम्प्लांटचे कॅपसकट ३५ हजार सांगितले. मग कुणी सुचवलं म्हणून एका डेंटल कॉलेजात गेलो. तपासणाऱ्या मुलीने सांगितलं, "अंकल, आमचा एक अभ्यास चालू आहे. त्यात बसलात तर इम्प्लांट फुकट, कॅपचे फक्त लॅबचे पैसे." अभ्यास असा: पायोरियाने दात गेलेले लोक घ्यायचे. निम्म्यांना नुसतं इम्प्लांट. उरलेल्यांचं रक्त काढून, मशीनमध्ये फिरवून त्याची जेलीसारखी चकती करायची (पीआरएफ म्हणतात) आणि ती इम्प्लांटभोवती घालायची. कुणाच्या वाट्याला काय येईल ते चिठ्ठीवर. हिंदीत नऊ पानांचं संमतीपत्र घरी दिलंय, "आरामात वाचा" म्हणाली.

बायको म्हणते, फुकट आहे म्हणून तोंडात स्क्रू मारून घेणार का? मुलगा बंगळुरूहून म्हणतो, बाबा, विज्ञानाला मदत होईल. मला विज्ञानाचं फारसं काही नाही, मला दाढ हवीय. पण नऊ पानं तीनदा वाचून झाली आणि नक्की काय विचारायला हवं तेच कळत नाहीये.

गराडूप्रेमी

काका, मुद्द्याचं राहिलंच की. थंडी पडली, सराफ्यात, आपल्या रात्रीच्या खाऊगल्लीत, गराडूच्या (तळलेल्या कंदाच्या) कढया चढल्या, आणि तुम्ही एका बाजूने? ही तर आणीबाणी आहे भिया.

(जाणकारांची वाट बघतोय.)

शंकासुर

माझं मत: नाही.

इंदूरचे असून विसरलात का? याच शहरातल्या औषध-चाचण्यांवरून केवढा गदारोळ झाला होता. स्वास्थ्य अधिकार मंच ही संस्था इथलीच, २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले ते. आपल्यावर चाचणी चालू आहे हे रुग्णांना धड माहीतच नव्हतं, हीच तर मूळ तक्रार होती. फुकट शब्द ऐकला की मी आधी खिसा चाचपतो. इथे तर तोंडच चाचपायला हवं.

तिलकनगरची वैशाली

काकूंना अनुमोदन. +१

दंतकथा

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो. मी हिरड्यांचा डॉक्टर आहे, इंदुरातच, एकोणीस वर्षं. इम्प्लांट बसवून पैसे मिळवतो. तेव्हा माझं बोलणं तेवढं वजा करून वाचा.

श्रीकाका, संशोधनात जायचं की नाही ही पुढची गोष्ट. तुमच्या पोस्टमध्ये मला एक वाक्य सापडलं नाही. उरलेल्या दातांच्या पायोरियाचं काय केलंत? दाढ दोन वर्षांपूर्वी गेली, पण ज्याने ती नेली तो पायोरिया अजून घरातच आहे. त्याच्या शेजारी नवीन भाडेकरू ठेवायचा म्हणताय.

जरा सविस्तर सांगतो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. हाड आणि मूळ यांच्यामध्ये बारीक तंतूंची जाळी असते, दात त्यात झोळीतल्या बाळासारखा टांगलेला असतो. हिरडीजवळचे तंतू मुळात आडवे घुसलेले असतात, तंबूच्या दोऱ्या जमिनीत ठोकाव्यात तसे. जंतू खाली उतरायला लागले की ही आडवी कुंपणं त्यांना अडवतात. इम्प्लांटला यातलं काही नाही. हाड थेट टायटॅनियमला चिकटतं (तेच तर त्याचं कौतुक), झोळी नाही, आणि हिरडीचे तंतू त्याला समांतर नुसते टेकून उभे असतात. त्यामुळे तिथे सूज शिरली तर हाड जास्त वेगाने जातं. आणि दुखत नाही! रुग्ण हसत हसत येतो, एक्स-रे बघून आम्ही रडतो.

नुसती हिरडी सुजली असेल तर तिला पेरी-इम्प्लांट म्युकोसायटिस म्हणतात, साफसफाईने ती बरी होते. हाड जायला लागलं की पेरी-इम्प्लांटायटिस. त्याच्यावर हमखास लागू पडेल असा उपचार आजही कुणाच्या हातात नाही. साफ करतो, उघडून खरवडतो, हाडाची पूड भरतो. काही वाचतात, काही काढावे लागतात.

आणि ज्याचे दात पायोरियाने गेले त्याला हे होण्याचा धोका जास्त, यावर आता फारसा वाद नाही. इटलीत अशा रुग्णांचा १० वर्षं पाठपुरावा झाला. जे ठरल्या वेळी साफसफाईला येत राहिले त्यांचं बरं चाललं, ज्यांनी येणं सोडलं त्यांचे इम्प्लांट जास्त गेले. इम्प्लांट कुठल्या कंपनीचा यावर लोक माझ्याशी तासभर बोलतात. दर चार महिन्यांनी येणार का, यावर "बघू".

गराडूप्रेमी

डॉक, तुमचा आयडी वाचून गेली दोन वर्षं मला वाटत होतं तुम्ही लोककथा गोळा करता.

दंतकथा

तेही करतो. "मी रोज दोनदा ब्रश करतो" ही सर्वांत लोकप्रिय.

ग्वाल्हेरची माई

थोडं विषयांतर करते. माझ्या आईला पन्नाशीतच पूर्ण कवळी बसली. रात्री ती पितळी वाटीत पाण्यात ठेवायची आणि आम्हा मुलांना त्या वाटीची भयंकर भीती. माझा धाकटा भाऊ एकदा अंधारात पाणी समजून ती वाटी तोंडाला लावणार होता. लग्नसमारंभात आई आधी वाढप्याला विचारायची, "भुट्ट्याचा कीस आहे का?" असला तर ती खुशीत, नसला तर घरी येऊन दूधभात. जिलबीवर शेव पडलेली दिसली की तोंड फिरवायची, शेवेचे कण कवळीखाली गेले की डोळ्यांत पाणी यायचं म्हणे.

तेव्हा पायोरियावर इलाज म्हणजे लवंगतेल, तुरटीच्या गुळण्या, आणि शेवटी "सगळे काढून टाका, कटकट मिटेल". आता निदान दात वाचवायचं म्हणतात तरी. श्रीभाऊ, काय ते करा पण उरलेले सांभाळा.

नंदलालपुऱ्याचा नाना

आमच्याकडे दुकानावर बसणारे एक गृहस्थ दिवसाला पंधरा पुड्या खातात आणि म्हणतात, सुपारीने दात मजबूत होतात. दात मजबूत आहेत हे खरं. तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही, त्यामुळे कुणी तपासून बघू शकलेलं नाही.

दंतकथा

@नाना, हसलो, पण त्यांना तातडीने कुणाकडे तरी पाठवा. तोंड उघडेनासं होणं हा दातांचा विषय नाही, ती कॅन्सरच्या आधीची पायरी असू शकते.

आकडेमोड

मी डॉक्टर नाही, सांख्यिकी शिकवते. असे अभ्यास वाचायची खोड आहे. श्रीकाकांना "काय विचारायचं" हवंय ना, तर माझ्या मते पहिला प्रश्न: तुम्ही यश कशाला म्हणता आणि ते कधी मोजता?

इम्प्लांटच्या जाहिरातीत "९५ टक्क्यांहून जास्त यशस्वी" असं असतं. ते साफ खोटं नाही, दहा वर्षांनंतरही जागेवर असणाऱ्या इम्प्लांटचे आकडे साधारण तितकेच येतात. पण त्याला "टिकलं" म्हणायचं. "निरोगी आहे" हे वेगळं. पू येतोय, निम्मं हाड गेलंय, पण अजून पडलं नाही, तरी टिकलेल्यांत त्याची गणती. आमच्या सोसायटीची लिफ्टही या हिशोबाने २० वर्षं यशस्वी आहे.

निरोगी किती, हे बघायला स्वीडनमध्ये एक मोठं काम झालं, २०१६ मध्ये छापून आलं. सरकारी विम्याच्या नोंदींमधून, कुठल्या एका नामांकित दवाखान्यातून नव्हे, लोक निवडले आणि सुमारे नऊ वर्षांनी ५८८ जणांना बोलावून तपासलं. थोडंफार हाड गेलंय आणि रक्त किंवा पू येतोय असे ४५ टक्के. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त हाड गेलेले १४.५ टक्के. हे माणसांचे टक्के आहेत. इम्प्लांटांचे टक्के काढले की आकडा सहसा सौम्य दिसतो, कारण एकाच माणसाच्या तोंडातले पाच चांगले इम्प्लांट सहाव्या बिघडलेल्याला झाकून टाकतात. म्हणून दुसरा प्रश्न: मोजणी माणसांची की इम्प्लांटांची?

तिसरा: चिठ्ठी कोण उघडतो? यात बोच आहे. डॉक्टरला आधीच माहीत असेल की पुढची चिठ्ठी पीआरएफची आहे, तर नकळत तो जरा बऱ्या हाडाचा रुग्ण त्यात ढकलतो. मग पीआरएफ छान दिसतं. चिठ्ठी बंद पाकिटात हवी किंवा दुसऱ्याच कुणाच्या हातात हवी, आणि इम्प्लांटची जागा तयार झाल्यावर उघडायला हवी. सहा महिन्यांनी एक्स-रे मोजणाऱ्यालाही कुठल्या गटाचा ते माहीत नसावं.

आणि चौथा, सर्वांत अडचणीचा. एमडीएस (दंतवैद्यकातलं पदव्युत्तर शिक्षण) तीन वर्षांचं असतं. विषय ठरवणं, समितीची मंजुरी, रुग्ण गोळा करणं, लिखाण, यात दीड-दोन वर्षं जातात. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत पाठपुरावा सहा महिने, फार तर वर्ष. आणि ज्या रोगाची आपल्याला भीती आहे तो बहुधा वर्षांच्या हिशोबाने येतो. परीक्षेची तारीख आधी, रोगाची नंतर.

शंकासुर

आकडेमोडताईंनी माझंच म्हणणं सभ्य भाषेत मांडलं.

आकडेमोड

मुळीच नाही. मी "जाऊ नका" म्हटलेलंच नाही. ठरलेल्या वेळी ठरलेल्या पद्धतीने तपासणी, लेखी नोंद, वर एक मार्गदर्शक प्राध्यापक, हे सगळं पैसे भरूनही खाजगीत प्रत्येक ठिकाणी मिळतंच असं नाही.

वडोदऱ्याची मीना

मी त्या १४.५ टक्क्यांतली. वडोदऱ्यात २०१४ मध्ये खाली दोन इम्प्लांट बसवून घेतले. त्याआधी हिरड्यांतून रक्त यायचं. डॉक्टर म्हणाले, एकदा क्लीनिंग करून टाकू. केलं, पुढच्याच आठवड्यात स्क्रू. पाच वर्षं ढोकळ्यापासून चिक्कीपर्यंत सगळं खाल्लं. नंतर हिरडीच्या कडेला दाबलं की खारट चव यायची. दुखत नव्हतं म्हणून वर्ष घालवलं, इथे वर डॉक्टरांनी लिहिलंय ना, तस्संच. दाखवलं तेव्हा एकाभोवती हाड अर्ध्यापर्यंत गेलेलं. तो काढला. काढायला किती वेळ लागला विचारा. उलटा फिरवला आणि दोन मिनिटांत बाहेर. एवढे पैसे, एवढी वाट बघणं, आणि दोन मिनिटं!

दुसरा अजून आहे. त्याच्यासाठी रोज रात्री बाटली धुवायच्या ब्रशच्या पिल्लासारखा तो बारका ब्रश घालून बसते. नवरा म्हणतो, एवढी सेवा सासूबाईंची केली असतीस तर.

एक व्यवहाराचं सांगते. मला दुसऱ्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कंपनी कुठली, माप काय? माझ्याकडे कागदच नाही. जुन्या दवाखान्यात नोंद सापडेना. एकाच्या स्क्रूला दुसऱ्याचा पाना लागत नाही म्हणे. काका, बसवलात तर पाकिटावरचं स्टिकर मागून घ्या आणि पासपोर्टसारखं जपा.

तिलकनगरची वैशाली

बाप रे. वाचनखूण साठवली. इथे आईला पुढच्या महिन्यात बसवायचा आहे, आता आधी रक्त येतं का विचारते.

कोथरूडचा पाहुणा

पुण्यात असे प्रश्न पडत नाहीत. दुपारी १ ते ४ दात दुखतच नाहीत.

नंदलालपुऱ्याचा नाना

@पाहुणा, इंदुरात रात्री दोनला सराफ्यात दुखतो. आम्ही चोवीस तास सेवा देतो.

गोड_पण_जपून

मीही मधुमेही. शुगर आणि हिरड्यांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे असं वाचलं होतं. हिरड्यांवर उपचार केले तर शुगर उतरते हे खरं का? माझे फिजिशियन हसले होते.

दंतकथा

हसायचं कारण होतं एकेकाळी. २०१३ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास आला, ५१४ मधुमेही. हिरड्या साफ केल्या, सहा महिन्यांनी एचबीए१सीमध्ये काही फरक नाही. झालं, सगळ्यांनी फाइल बंद केली. आमच्या लोकांनी आरडाओरडा केला की अहो, साफ केल्यावरही त्यांच्या दातांवर एवढं कीट आणि हिरड्यांत एवढं रक्त शिल्लक होतं की उपचार झाला असं म्हणवत नाही. शर्ट अर्धवट धुवायचा आणि साबण वाईट म्हणायचं. मग २०१८ मध्ये लंडनमधल्या अभ्यासात २६४ जण घेतले, निम्म्यांवर वर्षभर कसून उपचार, गरज पडली तिथे शस्त्रक्रियासुद्धा. वर्षाअखेर त्यांचं एचबीए१सी दुसऱ्या गटापेक्षा ०.६ने कमी. २०२२ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (जगभरचे अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) ३५ अभ्यास एकत्र चाळले, तीन-चार महिन्यांत सरासरी ०.४३ची घट. जादू नाही, पण एखादी जादा गोळी सुरू केल्यावर जेवढं मिळावं त्याच्या आसपास.

गंमत म्हणजे उलटाही प्रयोग झालाय. बंगळुरूच्या सरकारी दंत महाविद्यालयात मेटफॉर्मिनची, हो, तीच आपली शुगरची गोळी, १ टक्क्याची जेल करून हिरडीच्या पॉकेटमध्ये (हिरडी सुटून दाताशी पडलेल्या खाचेत) भरली. हाड भरून यायला मदत झाली असं त्यांनी छापलं.

आणि इम्प्लांटच्या बाजूने बघायचं तर ८.१ ला मी हात लावत नाही. पायोरियाच्या नव्या वर्गवारीतही (२०१७च्या जागतिक बैठकीत ठरली, पुढच्या वर्षी छापली) कॅन्सरसारखे टप्पे आणि श्रेणी आहेत. एचबीए१सी ७ किंवा जास्त असलं, किंवा दिवसाला दहा किंवा जास्त सिगारेटी, की श्रेणी थेट सर्वांत वरची.

शंकासुर

डॉक, माहिती उत्तम आहे, नाकारत नाही. पण एक विचारू? ही सगळी विद्या आली कुठून? कुणाच्या तरी तोंडातून ना?

दंतकथा

आली. आणि सगळी अभिमानाने सांगावी अशी नाही. श्रीलंकेतल्या चहामळ्यांतले ४८० मजूर, १९७० ते १९८५. ते दात घासत नव्हते, दंतवैद्य कधी पाहिला नव्हता. नॉर्वेजियन संशोधक लो आणि त्यांचे सहकारी पुन्हा पुन्हा येऊन मोजत राहिले. ८ टक्क्यांचे दात झपाट्याने गेले, ८१ टक्क्यांचे हळूहळू, आणि ११ टक्क्यांना, काही न करता, हिरडीच्या सुजेपलीकडे काही झालं नाही. पायोरिया सगळ्यांना सारखा होत नाही, हे आम्ही आजही त्या मजुरांच्या जिवावर शिकवतो. वर्गात हा तक्ता दाखवताना माझा आवाज जरा उतरतो.

याच लो यांनी १९६५ मध्ये डेन्मार्कमध्ये बारा धडधाकट लोकांना, बहुतेक दंतविद्यार्थीच, ब्रश बंद करायला सांगितला. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश सुरू केला, बऱ्या झाल्या. तिथे निदान बारा जणांना आपण काय करतोय ते ठाऊक होतं.

आणि त्याच वर्षी शेजारी स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी पहिल्या माणसाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. योस्ता लार्सन. जबडा जन्मतःच सदोष, खाणं-बोलणं कठीण. सशाच्या हाडात बसवलेली टायटॅनियमची डबी काढता येईना, यावरून सुचलेली कल्पना. लार्सन २००६ मध्ये वारले तोवर, चाळीस वर्षं, ते इम्प्लांट काम करत होते. त्यांनाही कुणीतरी "नको रे" म्हटलं असेलच.

गराडूप्रेमी

सशाने काय खाल्लं असेल पण.

निवृत्त बाई

फार दिवसांनी लिहितेय. मी शाळेत मराठी शिकवायची. निवृत्तीनंतर एका संस्थेच्या नैतिकता समितीवर सहा वर्षं होते. त्या समितीत डॉक्टर नसलेली, वकील नसलेली अशी एक सामान्य व्यक्ती लागतेच, तो मान माझा. माझं काम एकच: संमतीपत्र वाचून "मला कळलं नाही" म्हणणं. पहिल्या बैठकीत लाजत म्हटलं, नंतर सवय झाली. एकदा "यादृच्छिकीकरण" शब्द होता, तिथे "चिठ्ठी टाकून" लिहायला लावलं. श्रीभाऊ, तुमच्या पत्रात चिठ्ठी आहे म्हणजे तिथेही कुणी मास्तरीण बसलेली दिसते.

शंकासुर म्हणतात ते मी खोटं म्हणणार नाही. इंदुरातल्या त्या प्रकरणानंतरच २०१३ मध्ये भरपाईचे नियम कडक झाले, मग २०१९ चे नवीन नियम आले. दंतकॉलेजातल्या अशा अभ्यासांना आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची तत्त्वं लागू होतात. कागद हातात असेल तर एवढं शोधा: मध्येच सोडलं तर नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत असं लिहिलंय का, इजा झाली तर खर्च कोणाचा, नैतिकता समितीतल्या कुणाचा फोन नंबर आहे का, नुसता संशोधकाचा नव्हे, आणि सीटीआरआयचा क्रमांक. ती चाचण्यांची सरकारी नोंदवही आहे, संकेतस्थळावर कुणालाही बघता येते. काय मोजणार, किती दिवस, किती माणसं, सगळं आधीच लिहून ठेवावं लागतं. तुमच्या कागदावरचं आणि तिथलं जुळतंय का बघा.

अजून एक. या सगळ्यात कुठे लिहिलेलं नसतं ते विचारा: अभ्यास संपल्यावर मला कोण बघणार?

शंकासुर

बाई, तुम्ही समितीवर असताना माझ्यासारखा एखादा आला असता तर?

निवृत्त बाई

चहा पाजून तुलाच माझ्या जागी बसवलं असतं. मला घरी लवकर जाता आलं असतं.

सुदामानगरचा श्री (धागाकर्ता)

मंडळी, दहा दिवसांनी येतोय, माफ करा. तुमचे प्रश्न एका कागदावर उतरवून काल कॉलेजात गेलो. बायकोही आली. तपासणारी मुलगी खरगोनची आहे, शेवटच्या वर्षाला. आधी कागद बघून घाबरली, मग म्हणाली, "अंकल, मेरे वायवा में भी इतना नहीं पूछेंगे."

तर उत्तरं. नोंदणी आहे, क्रमांक संमतीपत्राच्या पहिल्या पानावर कोपऱ्यात बारीक छापलेला होता, मी तीनदा वाचूनही दिसला नव्हता. घरी येऊन पाहिलं, जुळलं. चिठ्ठ्या बंद पाकिटात, दुसऱ्या विभागातल्या सरांकडे. मोजणी माणसांची, कारण प्रत्येकी एकच इम्प्लांट. समितीचा फोन नंबर आहे. इजेचा खर्च कॉलेजचा. कंपनीचं स्टिकर देणार, मीनाताई, तुमचं नाव घेतलं नाही पण गोष्ट सांगितली. पाठपुरावा कॅप बसल्यावर बारा महिने.

मग निवृत्त बाईंचा प्रश्न विचारला. बारा महिन्यांनंतर? ती जरा थांबली. म्हणाली, "उसके बाद मैं यहाँ नहीं रहूँगी, सर. डिपार्टमेंट रहेगा. आपको खुद आना पड़ेगा." बायको तोपर्यंत तोंड फुगवून बसली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, पोरगी खरं बोलली.

पण नाव दिलेलं नाही. म्हणजे देताच आलं नाही. अभ्यासात घ्यायला एचबीए१सी ७ च्या खाली लागतं, आणि तोंडभर तपासल्यावर तिने सांगितलं की बऱ्याच ठिकाणी पॉकेट पाच-सहा मिलिमीटरची आहेत, रक्त येतंय. आधी त्याचा उपचार, तीन महिन्यांनी परत मोजणार, मग बघू. दंतकथा डॉक्टर, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, ते ऐकायला मला बसचं भाडं आणि सहा एक्स-रे लागले. आज एका बाजूचं खोलवर स्केलिंग (हिरडीखालची साफसफाई) झालं, भूल देऊन. पुढचं गुरुवारी. गुळण्यांचं औषध दिलंय, दोन आठवड्यांच्या वर घ्यायचं नाही म्हणाली, दात पिवळे-तपकिरी पडतात आणि चव जाते. चव तर आजच गेलीय, चहा म्हणजे गरम पाणी वाटतोय.

दंतकथा

तीन महिन्यांनी पॉकेटचे आकडे इथे टाका. आणि ती मुलगी कॉलेज सोडून निघेल तेव्हा मला कळवा, मला माझ्या दवाखान्यात अशी हवी आहे.

शंकासुर

मी अजूनही नाहीच म्हणतो. पण नाहीच्या आधी आता "सध्या" लावतो.

आकडेमोड

काका, तीन महिन्यांनी शुगर उतरली तर ती हिरड्यांमुळे उतरली असं लगेच लिहू नका. गोड सोडलंत का तेही लिहा.

गराडूप्रेमी

सगळं ठीक. पण काका, तोवर गराडू?

सुदामानगरचा श्री (धागाकर्ता)

काल रात्रीच खाल्ले. डावीकडून.